गावची जुनी दगडी शाळा पाडायची की राखायची? ठरावाआधी पाया, भिंत आणि छत बघा

परभणी : पावसाळा तोंडावर आला की गावागावांत एक विषय हमखास निघतो. जिल्हा परिषद शाळेची जुनी इमारत. कोणी म्हणतं, "पडायला झाली, पाडून टाका एकदाची." दुसरा म्हणतो, "निजामाच्या काळातली हाय ती, आणखी पन्नास वर्षं हलत नाही." आवाज चढतात, ठराव होतो किंवा बारगळतो, आणि पोरं त्याच खोलीत बसून राहतात.

खरं तर ही दोन्ही वाक्यं तपासल्याशिवाय बोलायची नाहीत. इमारत जुनी आहे एवढ्यावरून ती धोक्याची ठरत नाही, आणि दगडाची आहे एवढ्यावरून ती पक्कीही ठरत नाही. निकाल लागतो तो तीन गोष्टींवर : पाया, भिंत आणि छत. त्या कशा बांधल्या आणि आता कशा आहेत, हे समजून घेतलं तर गावाला इंजिनिअरशी नीट बोलता येतं. प्रश्न पोरांच्या जिवाचा आहे, तसाच गावात शाळा राहण्याचाही आहे.

सगळ्याच जुन्या शाळा निजामाच्या नाहीत

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. त्यामुळे काळ्या दगडाची जुनी इमारत दिसली की तिला 'निजामकालीन' म्हणायची आपल्याकडं सवय आहे. काही शाळा खरोखर त्या काळातल्या आहेत. पण बऱ्याच ठिकाणी इमारत स्वातंत्र्यानंतरची, १९५० ते १९७० या काळातली असते.

निजामाच्या राज्यात प्राथमिक शाळेला तहतानिया, माध्यमिकला वस्तानिया आणि हायस्कूलला फोकानिया म्हणत. वरच्या शिक्षणात उर्दूचा जोर होता. १९१८ साली हैदराबादेत सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणाचं माध्यमही उर्दूच होतं. सरकारी शाळा मोजक्या, त्याही मोठ्या गावांत. बाकी ठिकाणी मारुतीचं देऊळ, चावडी नाहीतर एखाद्या वाड्याची ओसरी हीच शाळा. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरातली जेमतेम १८ माणसं साक्षर होती आणि हैदराबाद राज्यात त्याहूनही कमी.

पुढचा बदल लागोपाठ झाला. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. रस्ता, विहीर, शाळाखोली अशी कामं काही सरकारच्या पैशातून आणि काही गावाच्या श्रमदानातून करायची, अशी ती कल्पना होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. गावची प्राथमिक शाळा तेव्हापासून 'झेडपीची शाळा' झाली. म्हणजे दहा-बारा वर्षांत सरकार तीनदा बदललं, पण शाळाखोल्यांचं काम चालूच राहिलं. त्या खोल्यांमागं कुणाची बैलगाडी, कुणाचा दगड, कुणाची जमीन आहे.

इमारतीचं साल कसं शोधायचं?

शाळा सुरू झाल्याचं साल आणि इमारत बांधल्याचं साल वेगळं असू शकतं. शाळा देवळात आधी भरली आणि इमारत वीस वर्षांनी झाली, असं पुष्कळ गावांत घडलं. म्हणून नुसत्या फलकावरच्या सालावर जाऊ नये.

पहिली जागा म्हणजे कोनशिला. दर्शनी भिंतीत किंवा जोत्यात ती चुन्याखाली, रंगाखाली दडलेली असू शकते. दुसरी, शाळेचं जनरल रजिस्टर. संस्थानच्या काळातल्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत सापडू शकतात आणि त्यात फसली सन असतो. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. १३५८ फसली म्हणजे साधारण ऑक्टोबर १९४८ ते सप्टेंबर १९४९. तिसरी जागा म्हणजे जमिनीचे कागद. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला १९५४-५५ चं खासरा पत्रक माहीत असतंच. शाळेची जागा कोणाच्या नावावरून आली, दान दिली की गावठाणातली आहे, याचा माग तिथून आणि ग्रामपंचायतीच्या नोंदींवरून लागतो. हा कागद पुढं नवीन खोली मंजूर करून घेतानाही लागतो.

त्या काळच्या गवंड्यानं काय विचार केला?

जुनी दगडी शाळा साधी दिसते. एका रांगेत दोन-तीन खोल्या, पुढं लांब व्हरांडा, वर कौलं किंवा पत्रे. पण त्यातली एकेक गोष्ट आपल्या हवामानाला आणि मातीला धरून आहे.

*पाया आणि जोतं.* आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. अशा मातीवर भिंत उभी केली तर ती दरसाल वर-खाली होते. म्हणून जाणता गवंडी काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोल जायचा आणि तिथून दगडानं पाया भरत आणायचा. वर उंच जोतं घ्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी खोलीत येत नाही. जिथं मुरूम फार खोल होता किंवा पैसा कमी पडला, तिथं पाया उथळ राहिला. त्या इमारतींना आज तिरप्या चिरा दिसतात.

*भिंत.* दगड इथलाच, काळा पाषाण. तो फोडायला, घडवायला वडार आणि पाथरवट होते. दगड घडवण्याची कला या भागाला नवी नाही. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा आणि गंगाखेड तालुक्यातलं धारासूर इथली जुनी मंदिरं त्याची साक्ष देतात. शाळेला मात्र तेवढा खर्च परवडायचा नाही. म्हणून बाहेरून दगड बरा घडवायचा आणि आतून ओबडधोबड लावायचा. दगड जोडायला चुना किंवा माती. चुनखडे भाजून, वाळू घालून, बैलाच्या घाणीत मळलेला चुना सावकाश घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर सोडतो. मातीत बांधलेली भिंत स्वस्त पडायची, पण तिच्यात पाणी शिरलं की सांधे धुऊन जातात. तुमची शाळा चुन्यात आहे की मातीत, हा पहिला महत्त्वाचा प्रश्न.

*जाडी.* दीड-दोन फुटांची दगडी भिंत दुपारचं ऊन लगेच आत येऊ देत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा ४४ च्या वर जातो. तेव्हा अशा खोलीत आणि पत्र्याच्या खोलीत काय फरक पडतो, ते कोणत्याही गुरुजींना विचारावं.

*व्हरांडा.* याचं काम तीन प्रकारचं. भिंतीवर थेट ऊन पडू देत नाही, पावसाचा झोत दारापासून लांब ठेवतो आणि गरज पडली तर एक जादा वर्ग बसवतो. १९८७ मध्ये केंद्र सरकारनं 'खडू-फळा मोहीम' आणली. तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन मोठ्या खोल्या आणि खोल व्हरांडा असावा, असं त्या योजनेत लिहिलं होतं. जुन्या गवंड्यांनी ते आधीच करून ठेवलं होतं.

*खिडक्या.* पोरं तरटपट्टीवर खाली बसायची, म्हणून काही जुन्या शाळांत खिडक्या जमिनीपासून कमी उंचीवर आहेत. वारा बसलेल्या मुलाच्या अंगाला लागावा, हा हेतू. समोरासमोर खिडक्या असल्या की हवा खेळती राहते. आता बाक आले, तरी त्या खिडक्यांचा उपयोग संपलेला नाही.

*छत.* सागवानी किंवा दुसऱ्या लाकडाच्या कैच्या, आढं, वासे आणि वर मंगलोरी कौलं किंवा पत्रे. खाली शहाबादी फरशी. शहाबाद गुलबर्ग्याजवळचं, म्हणजे तेव्हा एकाच राज्यातलं. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या स्टेशनांवरून जाणारी रेल्वे असल्यामुळं असा जड माल आणणं सोपं होतं. उताराचं हलकं छत ही या इमारतींची मोठी जमेची बाजू. ती का, हे किल्लारीनं दाखवलं.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादचा भाग हादरला. सुमारे आठ हजार माणसं गेली. धक्का परभणीतही अनेकांना जाणवला होता. भूकंप मोठा होताच, पण एवढी माणसं दगावण्यामागं घरांचं बांधकामही होतं.

तिथली पुष्कळ घरं मातीत लावलेल्या जाड दगडी भिंतींची होती. अशी भिंत बाहेरून एक दिसते, पण आत ती दोन भिंती असते : बाहेरचा थर, आतला थर आणि मध्ये भरलेले लहान दगड. दोन्ही थरांना बांधणारा आरपार लांब दगड नसेल, तर हादऱ्यात थर एकमेकांपासून सुटतात. त्यावर माळवदाचं मातीचं मोठं ओझं. भिंत फुटली आणि ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

त्याच वर्षीचं भारतीय मानक १३८२८ याबाबत स्पष्ट सांगतं. दगडी भिंतीत दर ६० सेंटीमीटर उंचीला आणि आडव्या दिशेत जास्तीत जास्त १२० सेंटीमीटर अंतरावर आरपार जाणारा दगड हवा. जुन्या शाळेची भिंत बघताना इंजिनिअरनं हे तपासायला पाहिजे. शाळेचं छत माळवदाइतकं जड नसतं, हा फायदा. पण कुठं कुठं नंतर त्याच मातीतल्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकला गेला. तिथं धोका वाढला.

भूकंप आपल्याकडं होत नाही, असं कोणी म्हणू नये. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के परभणी, नांदेडपर्यंत जाणवले. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं.

नवी खोली म्हणजे पक्की खोली?

१९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत परभणी होता. पुढं २००१ नंतर सर्व शिक्षा अभियान आलं. या काळात गावागावांत सिमेंटच्या स्लॅबच्या खोल्या उभ्या राहिल्या. अनेक गावांत आज दगडी खोली आणि स्लॅबची खोली शेजारी-शेजारी दिसते. लोक दगडीकडं बोट दाखवतात, पण कधी कधी खरा धोका शेजारच्या खोलीत असतो.

स्लॅबचा जीव आतल्या लोखंडी गजांत असतो. गजांवर काँक्रीटचं आवरण कमी राहिलं, मिश्रणात पाणी जास्त झालं, किंवा गच्चीवर पाणी साचत राहिलं, की ओल गजापर्यंत पोहोचते. गंजलेला गज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. मग खालून पापुद्रे पडायला लागतात. अशी तीस वर्षांची स्लॅबखोली पासष्ट वर्षांच्या चुन्यातल्या दगडी खोलीपेक्षा जास्त धोक्याची असू शकते. नुसता खालून गिलावा आणि रंग मारला की दुखणं झाकतं, बरं होत नाही.

धोका कागदावरचा नाही. २८ ऑगस्ट २०१७ ला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडी इथं शाळेचं छत कोसळून तीन विद्यार्थी गेले. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी इथं शाळेची इमारत पडून सात मुलं गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या.

कोणती चीर साधी, कोणती वाईट?

- फक्त गिलाव्यावर केसासारख्या बारीक रेघा : बहुधा गिलाव्याच्याच. लक्ष ठेवा.
- खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी चीर : पाया खचल्याची किंवा काळी माती हलल्याची खूण. उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात बारीक होत असेल तर मातीच कारण.
- दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात वरून खाली फाक : भिंती एकमेकांपासून सुटत आहेत. गंभीर.
- भिंतीला पोट आलंय : थर सुटल्याची खूण. सगळ्यात वाईट. त्या खोलीत पोरं बसवू नयेत.
- कैची किंवा तुळईचं भिंतीत गेलेलं टोक काळं, भुसभुशीत, वाळवी लागलेलं : छत खाली यायला तेवढं पुरतं.
- स्लॅबखाली गज उघडे, ठोकल्यावर पोकळ आवाज : खोली बंद करा, इंजिनिअरला बोलवा.
- भिंतीत पिंपळ, वड उगवलेला : मुळं सांधे फोडतात. लहान असतानाच काढा.

चीर वाढते की थांबली, हे बघायचा सोपा उपाय आहे. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली म्हणजे भिंत अजून हलतेय. त्याचा तारखेसह फोटो मोबाईलमध्ये ठेवा. तोंडी तक्रारीपेक्षा असा पुरावा जास्त कामाला येतो.

मात्र हे सगळं पहिल्या नजरेची पाहणी आहे. शेवटचा निर्णय स्थापत्य अभियंत्यानं लेखी द्यायचा असतो. शंका असेल तर अहवाल येईपर्यंत त्या खोलीत वर्ग भरवायचा नाही. समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा हॉल, काही नाही तर दुसरी सुरक्षित खोली दोन पाळ्यांत वापरावी. व्हरांड्याचं छत खराब असेल तर तिथं मध्यान्ह भोजनाची पंगतही बसवू नये.

निर्लेखन म्हणजे काय?

सरकारी इमारत वापरातून कायमची काढून टाकायची कागदोपत्री कारवाई म्हणजे निर्लेखन. गावानं नुसतं ठरवून इमारत पाडता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची पाहणी, आणि मग मंजुरी, असा तो प्रवास असतो. मंजुरीनंतर दगड, लाकूड, पत्र्याची किंमत काढून लिलाव होतो. जुन्या शाळेतलं सागवान आणि घडीव दगड किमती असतो, म्हणून यादी आणि मोजमाप गावासमोर व्हावं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं ठरवलंय आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम. त्याच कायद्यात प्रत्येक शिक्षकामागं निदान एक वर्गखोली, सर्व ऋतूंत चालेल अशी इमारत, मुला-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी हवं, असं आहे. म्हणून पालकांनी बैठकीत दोन प्रश्न सोबतच विचारावेत : ही खोली पाडली तर नवी कधी मंजूर होणार, आणि तोवर पोरं कुठं बसणार? आधी पाडून मग वाट बघत बसलं की वर्ग झाडाखाली भरतात, पालक पोरांची नावं काढून दुसरीकडं घालतात आणि पट घसरतो. २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा झाली होती, हे विसरू नये. इमारत गेली तर पुढं शाळाही जाऊ शकते.

राखायची असेल तर

अहवालात इमारत दुरुस्तीजोगी निघाली, तर पहिलं काम पाण्याचं. पन्हळ लावा, फुटकी कौलं बदला, जोत्याभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी करा, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. चुन्यातल्या भिंतीच्या दरजा पुन्हा चुन्यानंच भराव्यात. जाड सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल कोंडते आणि दगड-चुना सुटत जातो. कुजलेलं लाकूड बदला. थर सुटायला लागलेल्या भिंतीत आरपार भोकं पाडून त्यात गज आणि काँक्रीट भरता येतं, म्हणजे नंतर घातलेले आरपार दगडच ते. छताच्या पातळीवर चारही भिंतींना एकत्र बांधणारा पट्टाही करता येतो. किल्लारीनंतर मराठवाड्यात घरं मजबूत करण्यासाठी हे उपाय सांगितले गेले. पण ही कामं अभियंत्याच्या नकाशाप्रमाणंच व्हायला हवीत.

केंद्राचा पुरातत्त्व कायदा या इमारतींच्या मदतीला येत नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात स्मारक ठरायला किमान शंभर वर्षं लागतात. १९५५ ची शाळा त्यात बसत नाही. तिचं काय करायचं, हे गाव आणि जिल्हा परिषद यांनाच ठरवायचं आहे.

पाडावीच लागली, तर आधी चारही बाजूंचे फोटो काढा, खोल्यांचं माप घ्या, कोनशिला जपून काढून नव्या इमारतीत बसवा आणि जनरल रजिस्टरची जुनी पानं स्कॅन करून ठेवा. नातवाच्या दाखल्यावर आजोबांचं नाव शोधताना किंवा जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा लागतो, तेव्हा हेच रजिस्टर कामाला येतं.

शाळा सुरू व्हायच्या आधी, पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वी, पालकांनी एक दिवस काढावा. समितीच्या अध्यक्षांना आणि मुख्याध्यापकांना सोबत घेऊन प्रत्येक खोलीचा पाया, भिंत आणि छत बघावं, फोटो काढावेत आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. दगडी खोली बघून झाली की शेजारच्या स्लॅबच्या खोलीतही वर मान करून बघावं.